अल्फा मराठी ते झी मराठी: सीमाभागातल्या घरांनी काय पाहिलं?

शहापूरकर

नमस्कार मंडळी.

परवा माळ्यावरून जुना चौदा इंची टीव्ही खाली काढला. भंगारवाला दारात उभाच होता. चॅनेल जुळवायची पुढची झडप उघडली तर आत आईच्या हातची पट्टी. वहीचा कागद, वर चिकटपट्टी, आणि अक्षरं: 5 दूरदर्शन, 6 उदया, 9 अल्फा. बाकीचं ओलीनं गेलंय. '9 अल्फा' तिनं बॉलपेननं दोनदा गिरवलेलं, म्हणून तेवढं राहिलंय. टीव्ही दिला, झडप काढून ठेवली. आई जाऊन चार वर्षं झाली.

त्या झडपेवरून हा धागा काढतोय.

अल्फा मराठी सुरू झालं 15 ऑगस्ट 1999 ला. मराठीतली सरकारी उपग्रह वाहिनी त्याआधी होती, 1994 पासून. 2000 साली तिचं नाव सह्याद्री झालं. पण खाजगी आणि दिवसभर मराठी असं इकडच्या, बेळगावकडच्या केबलवर आलेलं हे पहिलं ठळक चॅनेल. कानडीतलं उदया 1994 च्या जूनमध्येच आलेलं. म्हणजे पाच वर्षं आमच्या गल्लीतल्या मराठी बायका उदयावरचे सिनेमे बघत होत्या, आणि आवडीनं बघत होत्या. त्यात वाईट काहीच नव्हतं. खरं, स्वतःच्या भाषेतलं रोज संध्याकाळी काहीतरी लागणार ही गोष्टच नवी होती.

आमच्या घरी पुढच्या सोप्यात दोन विजेचे माग. माग चालू असला की टीव्हीवरचं काही ऐकू येत नसे. आम्ही भावंडं तोंडं हललेली बघून गोष्ट समजून घ्यायला शिकलो होतो. आई कांड्या भरत भरत बघायची. 'आभाळमाया' सुरू झाली आणि बाबांनी पहिल्यांदा मालिकेसाठी माग बंद केला. अर्धा तास माग बंद म्हणजे तेवढं कापड कमी. बाबा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. मालिका संपली की उठून परत पट्टा चढवायचे.

सुकन्या कुलकर्णींची सुधा घरात, कामावर, नवऱ्याशी, मुलींशी सगळं मराठीतच बोलायची. महाराष्ट्रातल्या माणसाला यात नवल काय ते कळणार नाही. आमच्याकडे मराठी म्हणजे घर, देऊळ आणि शाळा. तहसीलदार कचेरीत गेलं की ती भाषा खिशात घालायची. टीव्हीवर मात्र वकील, डॉक्टर, पोलीस सगळे मराठीतच बोलतात, हे रोज दिसायला लागलं. मी तेव्हा नववीत होतो. त्या वयात त्याचा फार आधार वाटायचा.

मग 'प्रपंच', 'अवंतिका', 'वादळवाट'. आणि 2001 ते 2005 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी केलेली. त्या आबांसारखे आमचे आजोबा होते असं मी म्हणणार नाही, आमचे आजोबा फार रागीट. खरं आबा बोलायला लागले की आजोबाही हसायचे. आठवड्यातून एकदाच लागायची आणि पुरायची.

2005 च्या मार्चमध्ये अल्फाचं झी मराठी झालं. आई शेवटपर्यंत अल्फाच म्हणत राहिली.

माझं मत आधीच सांगून टाकतो: 1999 पासून दहा वर्षं हे चॅनेल लेखकाचं होतं. नंतर ते हळूहळू लेखकाच्या हातून गेलं. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या गावात हे चॅनेल पोचलं कसं, तेही लिहा.

केबलअण्णा

पोचलं कसं ते मी सांगतो, कारण शहापूर-वडगाव भागात ती वायर ओढणाऱ्यांत मी होतो. आता धंदा सोडलाय.

तेव्हाचे टीव्ही दोन जातीचे. जुने आठ किंवा बारा बटणांचे, आणि नवे रिमोटवाले. जुन्या टीव्हीला खालच्या पट्ट्यातले 12 पर्यंतचेच नंबर धरता यायचे. त्याच्या वरचा एस बँड, हायपर बँड फक्त नव्या टीव्हीला दिसायचा. विणकरांच्या गल्लीत बहुतेक घरी जुने टीव्ही. म्हणजे चॅनेल 12 च्या आत बसवलं तर सगळ्या गल्लीला दिसणार, वर टाकलं तर पाच-दहा घरांना. 12 च्या आत जागेची मारामारी. मोठी चॅनेलं नंतर नंतर त्या जागेसाठी केबलवाल्यांना पैसे मोजायची.

त्यात कायदा. केबल कायदा 1995 चा, त्यात 2000 साली दुरुस्ती झाली. दूरदर्शनची दोन चॅनेलं आणि राज्याच्या भाषेतलं एक प्रादेशिक चॅनेल या खालच्या पट्ट्यात दाखवणं सक्तीचं झालं. कर्नाटकात ते प्रादेशिक म्हणजे दूरदर्शनचं कानडी चॅनेल चंदना. त्याला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. खरं सह्याद्रीला आमच्याकडे अशी हक्काची जागा नव्हती. ते लावायचं की नाही, कुठे लावायचं, हे केबलवाल्याच्या मर्जीवर. अल्फाचंही तेच.

मी अल्फा 9 वर लावलं. तिथं आधी एक हिंदी सिनेमाचं चॅनेल होतं. ते वर सरकवल्यावर चार दिवस तरुण पोरांनी कंट्रोल रूमवर येऊन भांडण काढलं. पाचव्या दिवशी त्यांच्याच आया आल्या आणि म्हणाल्या, अण्णा, 9 ला हात लावू नका.

पावसाळ्यात हाल असायचे. बेळगावचा पाऊस, खांबावरच्या जोडात पाणी शिरलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. वायर सोलायची, आतली जाळी हिरवी झालेली असायची, कापून नवा जोड मारायचा, वरून रबरी टेप. मालिकेच्या वेळेला सिग्नल गेला की फोनपेक्षा माणसं आधी दारात. एका आजीबाईंनी मला भर पावसात छत्री धरून उभं राहून जोड मारून घेतला होता. चहाही तिथंच खांबाखाली.

निपाणीची_लेक

शहापूरकर, तुमचं लिहिणं वाचून डोळ्यात पाणी आलं. तरीही दहा वर्षं ते चॅनेल लेखकाचं होतं, हे मला निम्मंच पटतं. ते लेखक कुठले होते?

मी निपाणीजवळच्या खेड्यातली, घरी तंबाखू. अल्फावरच्या घरात सोफा, बाल्कनी, आणि भाषा दादर किंवा सदाशिव पेठ. आमच्यासारखं बोलणारं माणूस त्या घरात आलं तर ते भांडी घासायला किंवा हसवायला. माझ्या वडलांनी ते चॅनेल कधी आपलं मानलं नाही. त्यांचं ईटीव्ही मराठी. ते 9 जुलै 2000 ला सुरू झालं, हैदराबादच्या रामोजी रावांचं. त्यावर 'अन्नदाता' लागायचं. शेतकरी स्वतःच्या बांधावर उभा राहून बोलायचा. वडील तंबाखूच्या कामाला जायच्या आधी ते बघून जायचे. त्याच डिसेंबरात ईटीव्ही कन्नड आलं, त्यावरही अन्नदाता. शेजारच्या लिंगायत काकांच्या घरी ते, आमच्या घरी हे, आणि मग दोघं कट्ट्यावर बसून कुठल्यात काय सांगितलं ते ताडून बघायचे.

आई मात्र 'चार दिवस सासूचे'. 2001 ते 2013, तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींची आशालता देशमुख आमच्या घरात बारा वर्षं राहिली म्हटलं तरी चालेल. ती काही शेतकऱ्याची गोष्ट नव्हती, पण घरच्या बाईच्या हातात किल्ल्या आहेत हे आईला आवडायचं.

झी मराठीनं आमचं गाव पहिल्यांदा गोळा केलं ते 2008-09 च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' या गाण्याच्या स्पर्धेला. आळंदीची कार्तिकी, रत्नागिरीचा प्रथमेश, लातूरचा रोहित, अलिबागची मुग्धा, पुण्याची आर्या. पाचातली चार मुंबई-पुण्याबाहेरची पोरं, आणि परीक्षक त्यांना मान देऊन बोलतात, हे फार मोठं होतं. फेब्रुवारी 2009 मध्ये कार्तिकी जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत फटाके लागले. तिचं आणि आमचं काय नातं? काही नाही. ती आमच्या घरातल्यासारखी अभंग म्हणायची, एवढंच.

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठीच मी लिहायला बसले. मी मराठी शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. 'मी आलो असतो खरं पाऊस होता.' पोरं निबंधात तसंच लिहितात आणि मी वर्षानुवर्षं त्याखाली लाल रेघ मारत आले. 2016 च्या ऑक्टोबरात 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात चित्रीकरण. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, म्हणजे आमचाच मुलूख. त्यातला नायक राणादा, आणि नायिकाही शाळेतली बाई. एक दिवस सातवीतला एक मुलगा वही घेऊन आला. म्हणाला, "बाई, राणादा आमच्यागत बोलतोय. त्याला कोण लाल रेघ मारत नाही."

मी त्याला काही उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून 'खरं'खाली रेघ मारणं बंद केलं. बाजूला पेन्सिलीनं 'पण' लिहिते, परीक्षेपुरतं.

तेव्हा शहापूरकर, तुमच्या दृष्टीनं चॅनेल बिघडायला लागलं त्या काळातच ते माझ्या शाळेत आलं.

खानापुरी

ताई, अनुमोदन. वहीचा किस्सा फार आवडला.

माझं वय सव्वीस. आभाळमाया मी पाहिलेली नाही. माझं झी मराठी म्हणजे 'दिल दोस्ती दुनियादारी' आणि 'चला हवा येऊ द्या'. सोमवार-मंगळवार अख्खं घर एकत्र जेवायचं ते हवा येऊ द्यासाठी. 2014 ला सुरू झालं, 2024 च्या मार्चमध्ये बंद झालं तेव्हा आईला करमेना.

केबलअण्णांना एक सांगायचं आहे. आमच्या जंगलाकडच्या वाड्यांवर तुमची वायर आलीच नाही. खांबाला खांब लागत नाही तिथं कोण ओढणार? तिथं छपरावर फुकट डिश. तिच्यावर सह्याद्री दिसतं, 'फक्त मराठी'सारखं चॅनेलही बराच काळ दिसायचं. झी मराठी बघायला काकाच्या घरी खानापुरात यायचं. आता रेंज असली की मोबाईलवर झी5. आजी म्हणते त्यात माणसं फार बारीक दिसतात.

अथणीकर

जय मल्हारचं नाव कुणीच घेतलं नाही?

आमच्या मंगसुळीला खंडोबाचं ठाणं आहे. महाराष्ट्रातून माणसं येतात, कर्नाटकातून येतात. कुणी खंडोबा म्हणतं, कुणी मैलार, कुणी मल्लय्या. भंडारा एकच. 'जय मल्हार' 2014 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि 2017 च्या एप्रिलपर्यंत चालली. त्या तीन वर्षांत आमच्या घरी कानडी बोलणारे शेजारी रोज येऊन बसायचे. भाषा अर्धीमुर्धी कळायची, म्हाळसा-बाणाईचं भांडण पुरतं कळायचं. बाणाई धनगराची, आणि आमचे शेजारी धनगर. तिचा अपमान झाला की त्यांची म्हातारी टीव्हीसमोरून उठून जायची, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बसायची.

देवाच्या मालिका बाकीच्या चॅनेलांवरही पुष्कळ होत्या. त्या सगळ्या हिंदीतून यायच्या. हा देव आमच्या रानातला होता. तो दोन बायकांत अडकलेला, कधी चुकणारा, आणि गोष्ट सांगणाऱ्यांनी ते लपवलं नाही.

दोन_भाषांचं_घर

मी माहेरची वडगावची, मराठी. सासर गोकाकचं, घरात कानडी. लग्न होऊन दहा वर्षं झाली. या धाग्यावर मी लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

लग्न होऊन आले तेव्हा रिमोट सासूबाईंच्या हातात. त्यांचं झी कन्नड. ते 2006 ला सुरू झालेलं, त्याआधी त्या ईटीव्ही कन्नडवर 'मूडलमने' बघायच्या. त्यात आमच्या उत्तर कर्नाटकाची भाषा होती. त्याआधी कानडी मालिकांतली भाषा बहुतेक बेंगळुरू-मैसूरकडची. म्हणजे निपाणीच्या ताईंनी राणादाबद्दल जे लिहिलं ते माझ्या सासूबाई मूडलमनेबद्दल शब्दाशब्दाला तसंच सांगतात.

2017 मध्ये त्या एक नवी मालिका बघायला लागल्या, 'जोडी हक्की'. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. कुस्ती खेळणारा साधा गडी, शाळेतली शिकवणारी मुलगी. बाहेर येऊन बघितलं. ही तर आमची 'तुझ्यात जीव रंगला'! सासूबाईंना सांगितलं, ही गोष्ट मला ठाऊक आहे, पुढे असं होणार. त्यांनी विश्वास ठेवला नाही. तसंच झालं. त्या दिवसापासून त्या मला दुपारी विचारायला लागल्या, पुढं काय होणार? मी माहेरी फोन लावून आईकडून राहिलेले भाग विचारून घ्यायचे आणि कानडीत सासूबाईंना सांगायचे. माझं कानडी त्यामुळेच सुधारलं.

मग 2024 च्या डिसेंबरात उलटं झालं. झी मराठीवर 'लक्ष्मी निवास' आलं. ते मूळचं झी कन्नडचं, तिकडे त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेलं. आता सासूबाईंना सगळं पुढचं ठाऊक. रात्री मराठी भाग लागतो तेव्हा त्या माझ्याशेजारी बसतात आणि सांगतात, हा मुलगा असं करणार, ही मुलगी तसं करणार. मराठी एपिसोड, कानडी समालोचन. हर्षदा खानविलकरांकडे बघून म्हणाल्या, ही पण चांगली आहे, खरं आमची लक्ष्मी जास्त सोसते.

इथं बरेच जण म्हणतील की चॅनेल दुसऱ्या भाषेतून गोष्टी उचलतंय. माझ्या घरात त्या गोष्टीनंच सासू-सुनेला बोलायला विषय दिला. मला तिचं वाईट वाटत नाही.

शहापूरकर

ताई, सुंदर लिहिलंय. तुमच्या घरात जे घडलं ते मी मनापासून मान्य करतो. माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या सासूबाईंना पुढचं ठाऊक आहे, मला पुढचं ठाऊक नसायला हवं. टिपऱ्यांच्या घरात पुढच्या आठवड्यात काय होईल हे केदार शिंदे आणि प्रभावळकर सोडून कुणाला माहीत नव्हतं.

आणि एक मालिका आठवड्यातून सहा-सात दिवस, कधी सलग तासभर. एवढं रोज लिहून देणार कोण? मग तयार गोष्ट आणावीच लागते.

येळ्ळूर_ते_पुणे

मी येळ्ळूरचा, पुण्यात जाहिरातींच्या वेळा विकत घेण्याच्या कामात आहे. शहापूरकरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तयार गोष्ट आणतात त्याला पहिलं कारण पैसा. एका भाषेत चाललेली गोष्ट दुसरीत चालण्याची शक्यता नव्या गोष्टीपेक्षा जास्त धरली जाते. झीकडे कन्नड, बांगला, तेलुगू सगळी चॅनेलं स्वतःची, म्हणजे हक्क घरचेच. 'सावळ्याची जणू सावली' बंगालीतल्या 'कृष्णकली'वरून आली. हे फक्त झीचं नाही. 2020-21 च्या सुमाराला स्टार प्रवाहनं झी मराठीला पहिल्या जागेवरून खाली आणलं, तेही ज्या मालिकांच्या जोरावर, त्यातली 'आई कुठे काय करते' बंगालीतली, 'रंग माझा वेगळा' मल्याळममधली. आणि कन्नडमध्ये डबिंगला फार वर्षं विरोध होता. मराठी मालिका आवाज बदलून तिकडे दाखवता येत नव्हती, ती नव्यानं करावी लागायची. जोडी हक्की तशी आली.

दुसरं कारण सांगताना मला त्रास होतो, कारण ते आपल्याबद्दल आहे. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. 2015 पासून ही पद्धत. काही निवडक घरांत मीटर बसवलेलं असतं, त्यावरून कोण काय बघतं ते मोजतात. मराठी चॅनेलांची जी यादी सगळीकडे फिरते ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजाराची. कन्नड चॅनेलांची यादी कर्नाटकाची. आता आपल्या बेळगावातल्या एखाद्या मराठी घरात मीटर असलं असं धरा. त्या घरानं रोज झी मराठी पाहिलं तरी ते कर्नाटकाच्या खात्यात पडणार. मराठीच्या यादीत त्याचा काडीचा उपयोग नाही.

मी पहिल्यांदा हा तक्ता उघडला तेव्हा येळ्ळूरच्या घरातली आई डोळ्यांसमोर आली. होम मिनिस्टर लागलं की ती साडी नीट करून बसायची, जणू आदेश बांदेकर आपल्याच दारात येणार आहेत. 2004 पासून ती ते बघत होती. एवढ्या वर्षांत तिचं बघणं त्या मराठी यादीत कुणी एकदाही धरलं नसणार. कुठली मालिका वाढवायची, कुठली गुंडाळायची, गोष्ट साताऱ्यात घडवायची की मालवणात, हे ठरवणाऱ्यांच्या तक्त्यात बेळगाव, खानापूर, निपाणी हा रकानाच नाही. साताऱ्याकडची 'लागिरं झालं जी' आली, कोकणातली 'रात्रीस खेळ चाले' आली, कोल्हापूरची आली. कोल्हापूरच्या पुढे कागलचा नाका ओलांडला की गोष्ट संपते. आपली भाषा कोल्हापूरच्या उरलेल्या तुकड्यातून आपल्यापर्यंत येते. 'काय करूलालास' असं विचारणारं पात्र मी अजून एकाही मराठी मालिकेत ऐकलेलं नाही.

माझी कळकळ एवढीच आहे की हे बदलू शकतं. मोबाईलवर कोण कुठून बघतं ते कंपनीला जिल्ह्यासकट दिसतं. तिथं आपण कर्नाटकाच्या खात्यात असलो तरी मराठी बघणारे म्हणून दिसतो.

निपाणीची_लेक

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. लिटिल चॅम्प्सच्या वेळी आम्ही मैत्रिणींनी पैसे जमवून मेसेज पाठवले होते. तेवढी तरी मोजणी झाली म्हणायची.

शहापूरकर

येळ्ळूरकर, धन्यवाद. हे मला ठाऊक नव्हतं, आणि आता कळल्यावर 2019 चा राग नव्यानं वर आला.

1 फेब्रुवारी 2019 पासून नवे दर लागू झाले, आठवत असेल. 130 रुपयांत 100 चॅनेलं, कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि पैसे मोजायची चॅनेलं ज्यानं त्यानं निवडायची. बुकेत, म्हणजे चॅनेलांच्या गठ्ठ्यात, घालायच्या चॅनेलची किंमत जास्तीत जास्त 19 रुपये. कागदावर चांगलं होतं. आमच्या केबलवाल्यानं आम्हाला न विचारता सगळ्या गल्लीला कानडी पॅक टाकलं. पत्ता कर्नाटकातला, म्हणून पॅक कर्नाटकातलं. एका रात्रीत सगळी पैशाची मराठी चॅनेलं गेली. पडद्यावर काळं, मध्ये इंग्रजी पाटी.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला वाटलं टीव्ही बिघडला. मी फॉर्म आणला, तो इंग्रजी आणि कानडीत. भरून दिला, आठवडा गेला. परत गेलो, म्हणाले फॉर्म सापडत नाही. असे सतरा दिवस. आई सारखी विचारायची, "9 वर बघ की रे." बॉक्सवर झी मराठीचा नंबर तीन आकडी झालेला, 9 वर आता भलतंच काहीतरी. तरी ती 9 म्हणायची. अठराव्या दिवशी लागलं तेव्हा आवाज ऐकून तिनं उशीवरच मान वळवली.

म्हणून मला चॅनेलचा राग येतो आणि सोडवतही नाही.

केबलअण्णा

तुमचं वाचून बरं वाटलं नाही. आमच्या लाइनवाल्या माणसांनी असं करायला नको होतं. जुनी पद्धत होती तेव्हा एक तार कुणाच्या घरी काय जातं ते बघत नव्हती, सगळ्यांना सगळं जायचं. बॉक्स सक्तीचे झाले, आमच्यासारख्या शहरांना मुदत 31 डिसेंबर 2015 ची होती, खेड्यांना वर्षानंतरची. कोर्टकज्जे, मुदतवाढ असं करत 2017 उजाडलं. तेव्हा मी धंदा दुसऱ्याला दिला. घरोघरची निवड एका खोलीतून कळ दाबून ठरते, हे मला पेलणारं नव्हतं.

बरं, दुसरं. माझ्याकडे कंट्रोल रूमच्या जुन्या वह्या आहेत. लांब पानांच्या, वसुलीच्या. मागच्या पानांवर तक्रारी लिहायचो. हा धागा वाचून 99 ची काढली. 16 ऑगस्टच्या पानावर माझंच अक्षर: "अल्फा 9 वर. चित्र बरे. आवाज कमी येतो." खाली त्या आठवड्याच्या तक्रारी. शहापूरच्या चार, चारही 9 नंबरच्या आवाजाच्या.

शहापूरकर

अण्णा, गल्ली लिहिलीय का?

केबलअण्णा

तिघांची लिहिलीय. चौथीपुढे नुसतं "मागवाले, बाई स्वतः आल्या" असं आहे. शहापुरात मागवाले तेव्हा घरटी होते की. रविवारी या, वही दाखवतो.